मधला काळ कोणाचा?

असोद्याच्या शेतकऱ्याकडे हिवाळ्यात तीन प्रकारचा माल असतो आणि तिन्हींची मुदत वेगळी असते. भरिताचे वांगे पहाटे तोडले की सकाळी जळगावच्या बाजारात पोचलेच पाहिजे. उन्हे चढली की त्याची चकाकी जाते आणि चकाकीमागे भावही जातो. केळीचा घड झाडावर काही दिवस थांबतो, पण ओढून धरला तर तिथेच पिकू लागतो, आणि पिकू लागलेला घड दिल्लीच्या ट्रकात कोणी चढवत नाही. कापूस मात्र घरातल्या पुढच्या खोलीत महिनोन्‌महिने पडून राहू शकतो. समोरच्या व्यापाऱ्याला हे तिन्ही हिशेब तोंडपाठ असतात. वांग्याच्या ढिगासमोर तो नुसता उभा राहिला तरी भाव उतरतो. केळीच्या बागेत तो “दोन दिवसांनी कापणीला येतो” म्हणतो आणि ते दोन दिवस लांबवतो. कापसाच्या वेळी मात्र गाडी घेऊन गावात फिरण्याची, म्हणजे खेडा खरेदीची, पाळी त्याच्यावर येते. शेतकरी तोच आणि व्यापारीही तोच. फक्त थांबणे कोणाला किती महाग पडते, एवढेच बदलले आहे.

विलंबाला डावपेच म्हणून समजून घ्यायचे तर सुरुवात इथून करावी लागते. एरियल रुबिनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञाने 1982 साली नेमकी हीच गोष्ट गणितात मांडली. दोघांना एक रक्कम वाटून घ्यायची आहे, आळीपाळीने प्रस्ताव द्यायचे आहेत, आणि दर फेरीला रकमेची किंमत दोघांसाठी घटत जाते, मात्र सारख्या वेगाने नव्हे. ज्याच्यासाठी ती हळू घटते त्याचा वाटा मोठा होतो. या गणितातली दुसरी गंमत मला अधिक महत्त्वाची वाटते. दोघांनाही एकमेकांचा दम पुरता ठाऊक असेल तर प्रत्यक्षात उशीर होतच नाही, पहिल्याच प्रस्तावावर सौदा ठरतो. वांग्याचा सौदा असाच पटकन होतो आणि शेतकऱ्याच्या अंगावर होतो. तेव्हा जिथे उघड विलंब चाललेला दिसतो तिथे दोहोंपैकी एक गोष्ट असते. एक तर समोरचा किती दिवस काढेल याचा अंदाज घेणे चालू असते, नाहीतर सौदा करायचाच नसतो आणि ते कबूलही करायचे नसते. व्यापारातला विलंब बहुधा पहिल्या जातीचा असतो, राजकारणातला दुसऱ्या.

आधी व्याख्या नीट करू, कारण आपल्याकडे प्रत्येक रखडलेल्या कामामागे कोणाचा तरी हात शोधण्याची सवय आहे. निर्णय घेण्याचा अधिकार आहे, घेण्याची क्षमता आहे, माहितीही पुरेशी आहे, तरी निर्णय न होण्यातच लाभ आहे म्हणून तो पुढे ढकलला जातो, त्याला हेतुपुरस्सर विलंब म्हणावे. अमळनेर तालुक्यातल्या पाडळसे धरणाचे उदाहरण घेऊ. 1990 च्या दशकात सुरू झालेले, दीडशे कोटींच्या आतले हे काम पुढे चार हजार कोटींच्या पलीकडे गेले. खानदेशात कोणालाही विचारा, तो हे मुद्दाम रखडवले असेच म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. दरवर्षी तुटपुंजी तरतूद, वाढत जाणारा दर आणि त्यामुळे आणखी तुटपुंजी ठरणारी पुढची तरतूद, एवढ्याने धरण रखडते, त्याला कारस्थान लागत नाही. तो उपेक्षेचा विलंब आहे. उपेक्षा हा दोष खरा, पण डाव नव्हे.

मग डाव ओळखायचा कसा? मनातला हेतू कोणालाच दिसत नाही. पण एक कसोटी बऱ्यापैकी चालते. तोच हात दुसऱ्या वेळी किती वेगाने चालतो ते पाहावे. आळशी माणूस सगळीकडे आळशी असतो, डाव खेळणारा निवडक आळशी असतो.

6 नोव्हेंबर 2020 रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने विधान परिषदेवर राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून बारा नावांची शिफारस राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली. त्यात खानदेशातली दोन नावे होती, मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे आणि नंदुरबारचे चंद्रकांत रघुवंशी. खडसे जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी भाजप सोडून राष्ट्रवादीत आले होते. राज्यपालांनी यादी मान्य केली नाही, नाकारली नाही आणि परतही पाठवली नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. 13 ऑगस्ट 2021 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की आठ महिने हा वाजवी काळ उलटून गेला आहे आणि होकार असो वा हरकत, राज्यपालांनी ती कळवणे हे त्यांचे कर्तव्य आहे. मात्र राज्यपालांना आदेश देता येत नाही, हेही त्याच निकालात होते. यादी होती तिथेच राहिली. खडसे जून 2022 मध्ये आमदारांच्या मतांवर परिषदेत गेले. त्याच महिनाअखेर सरकार पडले आणि नव्या सरकारने जुनी यादी मागे घेतली. पुढे 15 ऑक्टोबर 2024 रोजी नव्या यादीतल्या सात जणांचा शपथविधी झाला. त्याच दिवशी काही तासांनी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. एका यादीला पावणेदोन वर्षांतही उत्तर मिळाले नाही आणि दुसरी आचारसंहितेच्या तोंडावर मार्गी लागली. राज्यपाल बदलले होते हे खरे, पण सत्तेची बाजूही बदलली होती.

राज्यपालांनी यादी सरळ का नाकारली नाही, या प्रश्नात विलंबाचे सारे तंत्र आहे. नाकारायचे तर कागद काढावा लागतो. कागदावर कारण लिहावे लागते, सही करावी लागते. त्या कारणाला न्यायालयात आव्हान देता येते आणि मंत्रिमंडळ दुरुस्ती करून यादी पुन्हा पाठवू शकते. मौनाला यातले काहीच लागत नाही. ज्याच्याविरुद्ध दाद मागायची तो आदेशच अस्तित्वात नसतो. संविधानात या नियुक्त्यांना मुदत घातलेली नाही, हा राज्यपालांच्या बाजूचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बिनतोड होता. मुदत नाही आणि मधल्या काळात जागा रिकामी राहते, एवढ्या दोन गोष्टी जमल्या की त्या खुर्चीवरच्या माणसाला बोलण्याची गरज उरत नाही.

विलंबाचे बळ म्हणजे थांबण्याची ऐपत, असे वर म्हटले. ते अर्धेच आहे. दुसरा अर्धा भाग असा: निर्णय होईपर्यंत काय चालू राहते? प्रत्येक न झालेल्या निर्णयाच्या जागी काहीतरी आपोआप चालूच असते, आणि ते ज्याच्या सोयीचे असेल त्याच्यासाठी प्रत्येक गेलेला दिवस ही छोटी जीत असते. वादाचे नाव काहीही असो, भांडण खरे तर त्या मधल्या काळाच्या मालकीचे असते.

बेळगावपेक्षा याचे मोठे उदाहरण मराठी माणसाला सांगायला नको. सीमावादासाठी महाजन आयोग 1966 मध्ये नेमला गेला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला. 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. कर्नाटकाला या दाव्यात जिंकण्याची घाई असण्याचे कारण नाही, कारण ताबा त्यांच्याकडे आहे. दावा चालू असताना बेळगावात विधिमंडळाची अधिवेशने भरू लागली, 2012 मध्ये तिथे सुवर्ण विधानसौध उभे राहिले आणि 2014 मध्ये गावाचे अधिकृत नाव बेळगावी झाले. इकडे आपण तारखेला चांगला वकील देण्याची चर्चा करत राहिलो. मधल्या काळात जमिनीवरचे वास्तव बदलत गेले की शेवटी येणाऱ्या निकालापुढचा प्रश्नच बदललेला असतो. दोन पिढ्या कन्नड शाळेत शिकल्यानंतर राज्य पुनर्रचनेच्या वेळची, 1956 ची परिस्थिती कोण कशी मोजणार?

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, आणि म्हणून शिकण्यासारखेही. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे संविधान स्पष्ट सांगते. तरी जळगाव जिल्हा परिषदेवर मार्च 2022 मध्ये प्रशासक आला. जळगाव महापालिकेची मुदत सप्टेंबर 2023 मध्ये संपली, धुळ्याची त्याच वर्षाच्या अखेरीस. दोन्ही शहरांत महापालिकेसाठी मतदान झाले ते जानेवारी 2026 मध्ये. सुरुवात खऱ्या पेचातून झाली होती. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची अट लावली आणि राज्याकडे हवी ती माहिती नव्हती. आरक्षणाशिवाय निवडणूक घ्यायची कोणत्याच पक्षाची तयारी नव्हती, आणि ती भूमिका रास्तही होती. पण पुढचा प्रवास पाहा. मार्च 2022 मध्ये प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारी विधेयके दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाली. एरवी अध्यक्षांच्या माइकवरूनही भांडणारे पक्ष एका दिवसात एकत्र आले. नंतर सरकार बदलले, प्रभागांची संख्या पुन्हा बदलली, तो वाद न्यायालयात गेला. 22 ऑगस्ट 2022 रोजी “जैसे थे”चा आदेश झाला आणि त्यानंतर तारखांमागून तारखा. 6 मे 2025 रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका असे सांगितले, आणि ती मुदतही पुढे वाढवून घेतली गेली.

यात खलनायक एकच असता तर काम सोपे होते. पण इथे विलंब कोणा एकाचा नव्हता. प्रत्येकाने आपल्या वाटणीचा छोटा उशीर केला, आणि प्रत्येकाकडे दाखवायला कायदेशीर कारण होते. लाभ कोणाचा झाला हे मात्र विचारता येते. प्रशासकाच्या राजवटीत महासभा आणि स्थायी समिती यांचे अधिकार एका अधिकाऱ्याकडे येतात, तो अधिकारी मंत्रालयाचे ऐकतो. म्हणजे जो पक्ष मुंबईत सत्तेवर आहे त्याला जळगावची महापालिका न लढवताच चालवता येते. सत्तेवर कोण आहे हे मधेच बदलले तरी हा लाभ तसाच पुढच्याकडे गेला. म्हणून दोन्ही बाजूंनी आरडाओरडा केला आणि घाई कोणीच केली नाही. गटार तुंबले तर नगरसेवकाच्या दारात जाता येत होते, तो दरवाजा तेवढा बंद राहिला. त्याची किंमत ज्यांनी मोजली ते थांबण्याच्या या निर्णयात कुठेच नव्हते. सार्वजनिक विलंबातला सगळ्यात जुना अन्याय हाच आहे: थांबवणारा एक, थांबणारा दुसरा.

विलंब करणाऱ्यालाही बिल येते, कधीकधी जबर. फेब्रुवारी 2021 मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेचे अध्यक्षपद सोडले. आघाडी सरकारने नव्या अध्यक्षाची निवड सुरुवातीला लांबवली. गुप्त मतदानात मते फुटतील ही धास्ती उघड गुपित होती. वर्षअखेरीस नियम बदलून निवड घ्यायची ठरवली तेव्हा राज्यपालांची संमती आली नाही. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हा अध्यक्षाची खुर्ची रिकामी होती. अपात्रतेच्या नोटिसा उपाध्यक्षांनी काढल्या, त्यांच्या अधिकारालाच आव्हान मिळाले, सर्वोच्च न्यायालयाने आमदारांना उत्तरासाठी 12 जुलैपर्यंत वेळ दिला आणि सरकार त्याआधीच गेले. मग 3 जुलैला अध्यक्षांची निवड चुटकीसरशी झाली. सोय म्हणून रिकामी ठेवलेली जागा अशी उलटली. त्यानंतर अपात्रतेचा निर्णय “वाजवी काळात” घ्या असे न्यायालयाने 11 मे 2023 रोजी सांगितले. तो आला 10 जानेवारी 2024 रोजी, तोही न्यायालयाने तारीख आखून दिल्यावर. विधानसभेची मुदत त्या वर्षीच संपत होती. निकाल काय लागला हा प्रश्न तोवर बराचसा अभ्यासकांपुरता उरला होता.

विलंब थांबवायचा कधी, हे कौशल्य विलंब करण्याहून अवघड आहे. मराठ्यांच्या इतिहासात याचा नमुना सालबाईच्या तहात सापडतो. 17 मे 1782 रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने इंग्रजांशी तह ठरला. पुण्याहून पेशव्यांची मान्यता यायची होती, आणि नाना फडणविसांनी ती अडवून धरली. इंग्रज तेव्हा दक्षिणेत हैदरअलीशी आणि फ्रेंचांशी लढत होते. तहाची गरज त्यांना अधिक होती. कागदावर पेशव्यांचा शिक्का नाही तोवर हैदरला मराठे आपल्याकडे वळतील अशी आशा, आणि इंग्रजांना नेमकी तीच भीती. दोघांनाही टांगून ठेवण्यात नानांचे बळ होते. 7 डिसेंबर 1782 रोजी हैदर मरण पावला. 20 डिसेंबरला तहाला मान्यता मिळाली.

या तारखांकडे पुन्हा पाहावे. सात महिने न हललेला कागद दोन आठवड्यांच्या आत हलला, कारण इंग्रजांच्या मनातल्या भीतीला आधार असलेला माणूसच गेला होता. आता लांबवले असते तर त्या लांबणीला किंमत उरली नसती, उलट टिपूचा जम बसेपर्यंत इंग्रजांना मोकळा वेळ मिळाला असता. नानांनी इंग्रजांनी घेतलेली साष्टी परत मिळवली का? नाही, ती इंग्रजांकडेच राहिली. तेव्हा हा विलंब यशस्वी होता असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. पण विलंब कशावर टिकून आहे याचे भान त्यांना होते आणि तो टेकू निघताच त्यांनी हात आखडला. पुढच्या काळातल्या फार थोड्या मुत्सद्द्यांना हे जमलेले दिसते.

अल्पमतातल्यांचा विलंब वेगळा असतो, कारण त्यांच्याकडे मधला काळ नसतो, फक्त अधिवेशनाचा शेवट असतो. जपानच्या संसदेत विरोधक मतपेटीकडे मुद्दाम गाईच्या चालीने जातात. 1992 साली शांतिसेनेच्या विधेयकावर हे मतदान तासन्‌तास चालले, आणि विधेयक तरीही मंजूर झाले. ठरलेली वेळ संपली की प्रस्ताव मरतो, अशी तरतूद असेल तिथेच हा मार्ग फळतो. एरवी ते निषेधाचे एक दृश्य होते, एवढेच.

सरकारच्या हातातले सभ्य साधन म्हणजे समिती. समिती नेमली की निर्णय झाल्याचा भास होतो आणि निर्णय होत नाही. 2023 मध्ये अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणानंतर सरकारने मागून घेतलेले दिवस, त्यानंतर वाढवून घेतलेली तारीख, न्यायमूर्ती शिंदे समिती, तिला मुदतवाढ, हा क्रम सगळ्यांच्या आठवणीत आहे. समितीने कुणबी नोंदींचे खरोखरचे कामही केले, हे नोंदवले पाहिजे. चांगला विलंब नेहमी थोडे खरे काम करत असतो, नाहीतर तो लगेच उघडा पडतो.

आता धंद्याकडे वळू. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल, चटई, पाइप असे छोटे-मध्यम कारखाने आहेत. त्यांच्यातल्या कोणालाही विचारले की धंद्यात सगळ्यात मोठा त्रास कशाचा, तर उत्तर वीज किंवा कामगार यांच्या आधी “पेमेंट” हे येईल. हिशेब साधा आहे. दहा लाखांचा माल दिला, नफा पाच टक्के, म्हणजे पन्नास हजार. पैसे तीन महिने उशिरा आले आणि कॅश क्रेडिटवर बारा टक्के व्याज चालू असेल तर तीस हजार बँकेने नेले. मोठ्या खरेदीदाराने भावात एक पैसाही कमी केला नाही, तरी नफ्याचा निम्म्याहून अधिक भाग त्याच्या खिशात गेला. हे बिनव्याजी कर्ज आहे, आणि ते लहानाकडून मोठ्याकडे जाते. “साहेब बाहेरगावी आहेत”, “बिलावर पीओ नंबर नाही”, “सिस्टिम अपडेट चालू आहे”, ही त्या कर्जाची कागदपत्रे.

कायदा याविरुद्ध पुरेसा कडक आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्याने 45 दिवसांची कमाल मर्यादा घातली, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तरी बरेच जण तक्रार करत नाहीत, कारण तक्रार करणाऱ्याची पुढची ऑर्डर जाते. म्हणून आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आले, 2023-24 या आर्थिक वर्षापासून लागू. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च करासाठीच्या हिशेबात धरता येणार नाही. इथली कल्पना हुशार आहे: तक्रार करण्याचे ओझे पीडितावरून काढून विलंबाची किंमत थेट विलंब करणाऱ्याच्या करात घातली. छोट्या व्यापाऱ्याला मात्र या तरतुदीचा आधार नाही, तो उत्पादक किंवा सेवा पुरवणारा नव्हे म्हणून.

उसाचेही असेच. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, नाहीतर पंधरा टक्के व्याज. ते व्याज हातात पडलेला शेतकरी मला भेटायचा आहे. 2022 मध्ये राज्याने शासन निर्णय काढून एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली, म्हणजे विलंबालाच वेळापत्रक बनवले. तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला. मधले तीन हंगाम साखर कारखान्यांनी वापरले.

दुबळ्यांनीही थांबावे, असे सल्ले देणारे पुष्कळ असतात. खानदेशातल्या कापूस उत्पादकांनी ते करून पाहिले. 2021-22 च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात त्याच आशेने घराघरांत कापूस साठला. आवक मंदावली, जिनिंग अर्ध्या क्षमतेने चालल्या, काही आठवडे डाव साधतोय असे वाटले. मग उन्हाळा आला. साठवलेल्या कापसाचे वजन घटले, घरच्यांच्या अंगाला खाज सुटली, मार्चअखेर पीककर्ज भरायचे होते, जूनचे बियाणे दारात आले, आणि जगाच्या बाजारातला भाव उतरलेलाच होता. सात-आठ हजारांच्या घरात माल निघाला. जिनिंगवाल्यांचा तोटा झालाच, पण त्यांच्या खर्चाला दर महिन्याची तारीख नव्हती, शेतकऱ्याच्या खर्चाला होती. शिवाय थांबणारे लाखभर आणि प्रत्येकाची गरज वेगळ्या दिवशी संपणारी. पहिल्याने गाडी भरली की दुसऱ्याचा धीर सुटतो. 18 जानेवारी 1982 पासूनच्या मुंबईच्या गिरणी संपात अडीच लाख कामगारांचे असेच झाले. मालकांकडे न विकलेल्या कापडाचे साठे होते, आणि गिरणीखालची जमीन तर दिवसागणिक महाग होत होती. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

याला उलटे उदाहरण दिल्लीच्या सीमेवरचे. जानेवारी 2021 मध्ये केंद्राने कृषी कायदे दीड वर्ष स्थगित ठेवण्याची तयारी दाखवली. शेतकरी संघटनांनी ती नाकारली, कारण तंबू उठले की पुन्हा बसत नाहीत हे त्यांना कळत होते. त्यांनी विलंब नाकारला आणि स्वतः थांबून राहिले, गावोगावच्या लंगरावर, पाळ्या लावून. सामूहिक शिदोरी होती म्हणून दम टिकला. आणि मुदत सरकारला होती: पंजाब, उत्तर प्रदेशच्या निवडणुका. 19 नोव्हेंबर 2021 ला माघार जाहीर झाली. कापसाच्या ढिगाऱ्याला तशी शिदोरी कोणी दिली नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना तूर, सोयाबीन, हरभरा अशा मालावर किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी देते. ती योजना म्हणजे विकत मिळणारा वेळच, आणि माझ्या मते हमीभावाच्या भाषणांहून उपयोगी. ती गोदामाअभावी अडते.

विलंबावरचे उपाय दोन जातींचे आहेत. मुदत घालणे ही पहिली, आणि ती कमजोर, कारण मुदत उलटल्यावर काय हे सांगितलेले नसते. मुदत उलटली तर मधल्या काळाची मालकीच फिरवणे ही दुसरी. सदनिकांच्या बाबतीत महाराष्ट्राने ती वापरून पाहिली. 1963 च्या कायद्याप्रमाणे संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमिनीचे अभिहस्तांतरण करून द्यायचे. हजारो बिल्डरांनी केले नाही, कारण जमीन नावावर असेतो वाढीव एफएसआयचे दार उघडे राहते. 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आली: बिल्डर येत नसेल तर त्याच्याशिवाय सक्षम प्राधिकारी ते करून देईल. कागदपत्रांची दमछाक आहे, पण बिल्डरच्या गप्प बसण्याला पूर्वीइतकी किंमत उरली नाही. विधेयकांना राज्यपालांची संमती मानीव धरण्याची वाट मात्र 20 नोव्हेंबर 2025 च्या मतात सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. मुदत घालता येणार नाही, संमती गृहीतही धरता येणार नाही. अकारण आणि प्रदीर्घ विलंब असेल तर निर्णय घ्या एवढे न्यायालय सांगू शकते, काय निर्णय घ्या हे नाही.

खालच्या टेबलावरची गोष्ट याहून बारीक आहे. आपल्याकडे 2005 चा कायदा आहे, दप्तर दिरंगाईचा म्हणून लोक ओळखतात. कोणत्याही कर्मचाऱ्याने सर्वसाधारण फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही. फाइल खरोखरच सातव्या दिवशी हलते. तिच्यावर शेरा असतो: “त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे.” पहिल्या वेळी सातबारा जुना असतो, दुसऱ्या वेळी नकाशावर सही नसते, तिसऱ्या वेळी त्या टेबलावरचा माणूस बदललेला असतो. प्रत्येक वेळी सात दिवस नव्याने मोजले जातात. सगळ्या त्रुटी पहिल्याच वेळी एकत्र कळवल्या पाहिजेत आणि नंतर नवी त्रुटी काढता येणार नाही, एवढे एक वाक्य त्या कायद्यात असते तर सात दिवसांना काही अर्थ आला असता.